शब्दकोडें घालण्याची कला

वर्तमानपत्राच्या एखाद्या कोपऱ्यांत काळ्यापांढऱ्या घरांची एक चौकट असते आणि तिच्या शेजारीं 'आडवे शब्द' व 'उभे शब्द' अशा दोन याद्या असतात. पाहणाऱ्याचें लक्ष प्रथम चौकटीकडे जातें. परंतु शब्दकोड्याचा जीव असतो तो त्या दोन याद्यांत. चौकट म्हणजे रिकामें भांडें. तींत कोणता शब्द बसावयाचा हें ज्या लहानशा वाक्यावरून ओळखावयाचें, त्याला येथें 'सूचक' म्हणणें सोयीचें होईल. हें सूचक लिहिणें ही एक स्वतंत्र कला आहे. तिचें वय शंभर वर्षांहून थोडेंसेंच अधिक. पण एवढ्या अवधींत तिचे नियम कोणीं घातले, ते कां घालावे लागले, आणि ते मोडले तेव्हां काय घडलें, ही हकीकत बोधप्रद आहे. तींत पाद्री आहेत, शाळामास्तर आहेत, युद्धकाळांतील गुप्तचर आहेत, आणि शेवटीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचे पांच न्यायाधीशहि आहेत.

कोडें घालण्याची हौस अर्थातच फार जुनी. दंडीनें आपल्या 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदांत प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत, आणि वात्स्यायनानें चौसष्ट कलांत प्रहेलिकेची गणना केली आहे. ज्या श्लोकाचें उत्तर त्याच्याच अक्षरांत दडलेलें असतें त्याला अंतर्लापिका, आणि ज्याचें उत्तर बाहेरून आणावें लागतें त्याला बहिर्लापिका म्हणत. मराठी घराघरांतले उखाणे आणि हुमाणें हींहि त्याच कुळांतलीं. या सर्वांत एका कोड्याला एक उत्तर असे, आणि उत्तर आलें कीं खेळ संपे. एका उत्तरांतील अक्षर दुसऱ्या उत्तराच्या उपयोगीं पडावें, अशी अनेक कोड्यांची एकमेकांत वीण घालून ती वर्तमानपत्रांतून लोकांच्या हातीं दिली, ती अमेरिकेंत राहणाऱ्या एका इंग्रज माणसानें.

त्याचें नांव आर्थर विन. तो मूळचा लिव्हरपूलचा. न्यूयॉर्क शहरांतील 'वर्ल्ड' नांवाच्या पत्राच्या रविवारच्या अंकांत करमणुकीचें पान तो पाहत असे. नाताळच्या सुमारास वाचकांना कांहीं नवें द्यावें म्हणून त्यानें २१ डिसेंबर १९१३ रोजीं हिऱ्याच्या आकाराची एक चौकट छापली आणि तिला 'वर्ड-क्रॉस' असें नांव दिलें. पुढें थोड्याच आठवड्यांत छपाईच्या गडबडींत त्या दोन शब्दांची अदलाबदल झाली आणि 'क्रॉस-वर्ड' हेंच नांव कायमचें चिकटलें. विनच्या कोड्यांतील सूचकें शब्दकोशांतील अर्थाप्रमाणें सरळ होतीं. कांहीं अगदीं सोपीं, तर एखादें आडरानांतलें. एका सूचकांत गोमुती नांवाच्या ताडाच्या धाग्याला काय म्हणतात असें विचारलें होतें, आणि त्याचें उत्तर 'डोह' असा तीन इंग्रजी अक्षरांचा एक दुर्मिळ शब्द होता. असा शब्द ज्याला ठाऊक त्याला ठाऊक. ज्याला ठाऊक नाहीं त्यानें कितीहि डोकें खाजविलें तरी तो सुचावयाचा नाहीं. आडव्या-उभ्या शब्दांची अक्षरें मदतीला येतील तेवढींच. म्हणजे या पहिल्या काळांत कोड्याची परीक्षा ही मुख्यतः स्मरणाची परीक्षा होती; बुद्धीची नव्हती.

अमेरिकेंत या खेळाचा प्रसार विलक्षण वेगानें झाला. १९२४ सालीं सायमन आणि शुस्टर या दोन तरुण प्रकाशकांनीं शब्दकोड्यांचें पहिलें पुस्तक काढलें. पुस्तक फसलें तर हंसें होऊं नये म्हणून त्यांनीं त्यावर आपल्या संस्थेचें नांव घातलें नाहीं. प्रत्येक प्रतीला एक पेन्सिल मात्र बांधली. पुस्तकाच्या प्रती हातोहात खपल्या. एका रेल्वे कंपनीनें तर उतारूंच्या सोयीसाठीं गाड्यांतून शब्दकोश ठेवले. 'न्यूयॉर्क टाइम्स' या वजनदार पत्रानें त्याच वर्षीं या छंदावर कालापव्यय म्हणून कोरडे ओढले; पुढें युद्धाच्या काळांत, १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं, त्याच पत्रानें आपलें पहिलें शब्दकोडें छापलें. त्याचें संपादन मार्गारेट फेरार यांच्याकडे होतें. 'वर्ल्ड' पत्रांतील चुकांनीं भरलेलीं कोडीं तपासून त्यांना शिस्त लावण्याचें काम याच बाईंनीं पूर्वी केलें होतें, आणि १९२४ च्या त्या पहिल्या पुस्तकाच्या संपादकांतहि त्या होत्या.

इंग्लंडांत पोंचल्यावर मात्र या खेळानें निराळें वळण घेतलें. इंग्रजी भाषेंत एका शब्दाचे अनेक अर्थ, आणि अक्षरें फिरवून एका शब्दाचा दुसरा शब्द करण्याची मोठी सोय. त्यामुळें सरळ व्याख्येऐवजीं कोड्याच्या आंत दुसरें कोडें घालण्याकडे तेथील रसिकांचा ओढा झाला. या पंथाचा आद्य पुरुष एडवर्ड पॉइस मॅथर्स. हा कवि आणि भाषांतरकार होता. बिल्हणाच्या 'चौरपंचाशिके'चें त्यानें केलेलें इंग्रजी रूपांतर १९१९ सालीं प्रसिद्ध झालें होतें, हें मराठी वाचकांना कौतुकाचें वाटेल. १९२६ पासून तो 'ऑब्झर्व्हर' या रविवारच्या पत्रांत कोडीं घालूं लागला, आणि त्यासाठीं त्यानें टोपणनांव घेतलें 'टॉर्केमाडा'. टॉर्केमाडा हा स्पेनमधील धर्मन्यायालयाचा क्रूर अधिकारी. पाखंडी ठरविलेल्या लोकांचा छळ हा त्याचा व्यवसाय. नांवाप्रमाणेंच या कोडेकाराचीं कोडीं छळणारीं होतीं. तीं सुंदर होतीं, विद्वत्तेनें भरलेलीं होतीं. परंतु एखाद्या सूचकाचा रोंख कोठें आहे याला कांहींच बंधन नव्हतें. उत्तर पाहिल्यावरहि तें कसें आलें हें पुष्कळदां उमगत नसे.

१ फेब्रुवारी १९३० रोजीं लंडनच्या 'टाइम्स'नेंहि शब्दकोडें सुरू केलें. तें घालण्याचें काम एड्रियन बेल या तरुण लेखकाकडे आलें. सफोक परगण्यांत शेती करणाऱ्या या गृहस्थानें त्यापूर्वी एकहि कोडें सोडविलें नव्हतें असें सांगतात. पुढें त्यानें सुमारें पांच हजार कोडीं घातलीं. त्याच वर्षाच्या एप्रिलांत 'लिसनर' या साप्ताहिकानेंहि आपलें कोडें चालू केलें. नभोवाणीवरील भाषणें छापण्यासाठीं ब्रिटिश नभोवाणी संस्थेनें १९२९ सालीं काढलेलें हें पत्र. त्याचीं कोडीं पुढें अत्यंत अवघड म्हणून प्रसिद्धीस आलीं.

याच 'लिसनर'मध्यें ए. एफ. रिची नांवाचे एक पाद्री आपल्या नांवाचींच अक्षरें घेऊन 'आफ्रित' या टोपणनांवानें कोडीं घालीत. वेल्स येथील कॅथेड्रलच्या शाळेचे ते मुख्याध्यापकहि होते. कोडें सोडविणाऱ्याला चकविण्याचा अधिकार कोडेकाराला आहे. मग त्या अधिकाराला मर्यादा कोणती, हा प्रश्न त्यांना पडला. १९४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोड्यांच्या पुस्तकांत त्यांनीं त्याचें उत्तर दिलें. त्याचा आशय असा : कोडेकाराच्या वाक्याचा वरवर दिसणारा अर्थ फसवा असला तरी चालेल, परंतु त्याला जें अभिप्रेत आहे तें त्या वाक्याच्या शब्दांत प्रत्यक्ष आलेलेंच असलें पाहिजे. त्यानें भलत्या दिशेला बोट दाखवावें, पण खोटें बोलूं नये. साक्षीदाराच्या शपथेइतका हा नियम कडक आहे.

या नियमाला शास्त्राचें रूप दिलें तें दुसऱ्या एका शिक्षकानें. डेरिक मॅकनट हे होर्शम येथील क्राइस्ट्स हॉस्पिटल या प्रसिद्ध शाळेंत ग्रीक व लॅटिन शिकवीत. १९३९ सालीं मॅथर्स वारल्यावर 'ऑब्झर्व्हर'मधील त्यांची जागा मॅकनट यांच्याकडे आली. त्यांनींहि स्पेनमधील एका धर्मन्यायाधीशाचेंच नांव घेतलें : 'झिमेनीझ'. नांव छळणाऱ्याचें असलें तरी वृत्ति न्यायाधीशाची होती. एखादा शब्द देऊन ते वाचकांनाच त्याचें सूचक करून पाठविण्यास सांगत, आलेल्या सूचकांत क्रम लावीत आणि एखादें कां उतरलें व दुसरें कां फसलें याची टिप्पणी छापून स्पर्धकांकडे धाडीत. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासण्याचाच हा प्रकार. अशा तऱ्हेनें सोडविणाऱ्यांची एक पिढीच्या पिढी घालण्याच्या कलेंत तयार झाली. १९६६ सालीं त्यांनीं या कलेवर एक ग्रंथ लिहिला. १९७१ सालीं ते वारले. १९७२ सालीं त्यांची जागा घेणारे जोनाथन क्राउदर यांनीं 'एझेड' हें नांव घेतलें. तेंहि डेझा या धर्मन्यायाधीशाचें नांव उलटें केलेलें. मॅकनट यांच्या शिकवणीचें सार त्यांनीं तीन कलमांत सांगितलें आहे : चांगल्या सूचकांत उत्तराची नेमकी व्याख्या असावी, त्याच उत्तराकडे नेणारी दुसरी एक न्याय्य वाट असावी, आणि या दोहोंवांचून तिसरें कांहींहि नसावें.

हे नियम इंग्रजीसाठीं झाले असले तरी त्यांचें मर्म मराठी उदाहरणांवरून चांगलें कळेल. मराठी कोड्यांत एका घरांत काना-मात्रेसह एक अक्षर बसतें, एवढें ध्यानांत ठेवावें. समजा, उत्तर दोन अक्षरांचें आहे आणि सूचक असें आहे : 'पुणेकर सहसा दडवितो तो उसाचा गोडवा.' हें वाचतांच मनापुढें कोणी हात राखून वागणारा पुणेकर उभा राहतो. हा कोडेकारानें टाकलेला पडदा. तो बाजूला सारला कीं वाक्याचे भाग सुटे दिसूं लागतात. 'उसाचा गोडवा' ही व्याख्या. 'पुणेकर सहसा' हे दोन शब्द ती वस्तु खरोखरच दडवितात. पहिल्या शब्दाचें शेवटचें अक्षर आणि दुसऱ्याचें पहिलें मिळून 'रस' होतो. दंडीच्या देशांतील अंतर्लापिका ती हीच.

दुसरें सूचक घ्यावें : 'दीन उलटतांच वाहणारी.' 'दीन' हीं अक्षरें उलट वाचलीं कीं 'नदी' होते, आणि 'वाहणारी' ही तिची व्याख्या. आतां एखादा कोडेकार वाक्याला अधिक शोभा यावी म्हणून 'दीन माणूस उलटतांच वाहणारी' असें लिहील. वाक्य ऐकावयास बरें लागेल. परंतु 'माणूस' या शब्दाला उत्तरांत कांहींच काम नाहीं. सोडविणारा बिचारा त्या रिकामटेकड्या शब्दाशीं झगडत बसेल. तिसऱ्या कलमान्वयें तो काढलाच पाहिजे. उलट, कोणी नुसतें 'दीन वाहणारी' असें लिहिलें तर अक्षरें उलट करण्याची खूणच राहत नाहीं. कोडेकाराच्या मनांत तें होतें, पण त्यानें तें सांगितलें नाहीं. रिचींच्या नियमाचा हा भंग झाला. पहिल्या चुकींत एक शब्द अधिक, दुसरींत एक शब्द उणा. दोहोंचा परिणाम एकच, सोडविणाऱ्यावर अन्याय. 'सरकारला द्यावयाचा हात' हें तिसरें सूचक मात्र दोन्ही बाजूंनीं पुरतें आहे : सरकारला द्यावयाचा तोहि 'कर', आणि हात तोहि 'कर'.

सूचक इतकें निर्दोष असलें तरी त्याच्या मागें भलताच हेतु आहे असा संशय घेतला जाऊं शकतो. तसें दुसऱ्या महायुद्धांत घडलें. लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'चीं कोडीं लिओनार्ड डॉ हे घालीत. तेहि मुख्याध्यापक, त्यांची शाळा युद्धामुळें लंडनहून सरे परगण्यांत एफिंगहॅम येथें हलविली होती. मे १९४४ मध्यें त्यांच्या कोड्यांच्या उत्तरांत 'यूटा', 'ओमाहा', 'ओव्हरलॉर्ड', 'मलबेरी' आणि १ जून रोजीं 'नेपच्यून' हे शब्द एकामागून एक आले. हे सगळे त्या वेळीं फ्रान्सच्या किनाऱ्यावरील नियोजित स्वारीचे अत्यंत गुप्त सांकेतिक शब्द होते, आणि स्वारीचा दिवस होता ६ जून. गुप्तचर खात्याचे अधिकारी डॉ यांच्याकडे येऊन त्यांची कसून चौकशी करून गेले. हेरगिरीचा मागमूस त्यांना लागला नाहीं. चाळीस वर्षांनीं, १९८४ सालीं, त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें खुलासा केला. डॉ हे मुलांकडून रिकाम्या चौकटी शब्दांनीं भरून घेत आणि सूचकें मागाहून स्वतः लिहीत. जवळच छावणी देऊन राहिलेल्या सैनिकांच्या तोंडून ऐकलेले शब्द आपण चौकटींत घातले, असें त्या विद्यार्थ्याचें सांगणें होतें. तें खरें धरल्यास शब्द मुलांचे होते, सूचकें मास्तरांचीं होतीं. आणि अधिकारी त्या सूचकांत जें शोधीत होते तें तेथें मुळींच नव्हतें.

डॉ यांच्या निर्दोष सूचकांवर संशय आला. पण ज्यांच्यावर संशय यावयास हवा होता अशीं सूचकेंहि त्या काळांत छापलीं जात होतीं. तीं बक्षिसांच्या कोड्यांत असत. प्रत्येक प्रवेशपत्राला कांहीं शुल्क, आणि बिनचूक उत्तराला मोठी रक्कम, असा हा धंदा इंग्लंडांत व मागाहून हिंदुस्थानांत चालला. येथें कोडेकाराचा हेतु अगदीं उलटा. उत्तर पुष्कळांना सांपडलें तर बक्षीस वांटून द्यावें लागेल. तेव्हां उत्तर कोणालाहि निश्चित सांपडूं नये, अशीच सूचकें लिहावयाचीं. तीं बाहेरून साधीं, घरगुती दिसतात. समजा, 'परगांवीं शिकणाऱ्या मुलाला याची आठवण येते' असें सूचक आहे. उत्तराचें दुसरें अक्षर 'ऊ' असें छापलेलें आहे आणि पहिलें भरावयाचें आहे. कोणी 'खाऊ' लिहील, कोणी 'भाऊ' लिहील. दोन्ही सारखेच योग्य. बरोबर कोणतें? आयोजकांनीं आधीं ठरवून ठेवलें असेल तें. अशीं दहा सूचकें एका कोड्यांत असलीं तर सर्व शक्यता भरावयास १०२४ प्रवेशपत्रें लागतात. सोडविणाऱ्याला वाटतें कीं आपली बुद्धि थोडक्यांत चुकली, पुढच्या खेपेस साधेल. आणि तो पुन्हां शुल्क भरतो. खरें पाहतां त्याची बुद्धि चुकलेलीच नसते. तिला तेथें कामच दिलेलें नसतें.

लंडनच्या न्यायालयापुढें १९३६ सालीं असें एक प्रकरण आलें. आधीं ठरविलेल्या उत्तराशीं आपलें उत्तर जुळावें म्हणून लोकांनीं पैसे भरून अंदाज मारावयाचे, हें कौशल्य नव्हे तर सोडत आहे, असा निकाल लॉर्ड ह्यूअर्ट यांनीं दिला. मुंबई राज्यानें १९४८ सालीं सोडती व बक्षिसांच्या स्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. राज्याबाहेर छापलेल्या पत्रांतील स्पर्धांना तो लागू नव्हता, म्हणून १९५२ सालीं दुरुस्ती करून त्यांनाहि तो लावण्यांत आला. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकांतील कोड्यांचे चालक चमारबागवाला यांनीं त्याला आव्हान दिलें. इकडे संसदेनें १९५५ सालीं स्वतंत्र कायदा करून महिन्याला १००० रुपयांहून अधिक बक्षिसांच्या स्पर्धांना मनाई केली, आणि लहान स्पर्धांनाहि परवाना व २००० प्रवेशपत्रांची मर्यादा घातली. त्यावरहि फिर्याद झाली. ९ एप्रिल १९५७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दोन्ही प्रकरणांचे निकाल दिले. पहिल्यांत सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनीं सांगितलें कीं, हीं कोडीं जुगाराच्या स्वरूपाचीं आहेत. आणि जुगार हा व्यापार नव्हे, म्हणून राज्यघटनेनें व्यापाराला दिलेलें संरक्षण त्याला मिळणार नाहीं. दुसऱ्या निकालपत्रांत न्यायमूर्ति वेंकटराम अय्यर यांनीं स्पष्ट केलें कीं, ज्या स्पर्धांत यश बव्हंशीं कौशल्यावर अवलंबून असतें त्यांना १९५५ चा कायदा बाधत नाहीं.

म्हणजे न्यायाधीशांनीं लावलेली कसोटी आणि त्या दोन शाळामास्तरांनीं लावलेली कसोटी मुळांत एकच होती. सूचकापासून उत्तरापर्यंत विचाराची वाट आहे कीं नाहीं? ती असेल तर वळणें कितीहि असोत, तो खेळ आहे. ती नसेल तर चौकट कितीहि देखणी असो, तो जुगार आहे. रिची व मॅकनट यांनीं वाचकाला चकविलें, पण त्याला परतण्याची वाट मोकळी ठेवली. बक्षिसांच्या कोडेकारांनीं वाचकाला चकविल्याचें दाखविलेंहि नाहीं. साधेपणाच्या बुरख्याआड त्यांनीं वाटच बुजवून टाकली.

आजहि मराठी दैनिकांतील शब्दकोड्यांत बहुधा सरळ व्याख्याच असतात; तीं सोडवावयास शुल्क पडत नाहीं आणि त्यांत कोणाचें नुकसानहि होत नाहीं. परंतु ज्या भाषेंत श्लेष आणि उखाणा यांची इतकी जुनी परंपरा आहे, तींत दुहेरी वाटेचीं सूचकें लिहिणारे हात थोडे असावेत हें नवल आहे. त्यासाठीं मोठी विद्वत्ता लागत नाहीं. शब्दांकडे बारकाईनें पाहण्याची संवय लागते, आणि ज्याला कोडें घालावयाचें त्याच्याविषयीं आदर लागतो. चांगल्या सूचकाची पारख शेवटीं अगदीं साधी आहे. सोडविणारा हरला आणि त्याला उत्तर सांगितलें, तर 'हें मला कसें कळणार होतें?' असें त्याच्या तोंडून येऊं नये. 'अरे, हें तर समोरच होतें!' असें यावें.